शेवटच्या वाफ्याचं पाणी

मंगळवार, ता. १२ जानेवारी १९३७

चंपतला आकडी आली! आज, दुपारच्या भाकरीच्या जरा आधी, ओसरीवर. सकाळपासून अंग तापलं होतं. नातू दीड वर्षाचा, दात येताहेत, किरकिर करतोच — म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मी विहिरीपाशी कोबी धूत होतो. सुनेची किंकाळी आली. माझे कान तिखट. कारंजाच्या बाजारात तीन पालं पलीकडे कोण काय भाव सांगतो ते मला बसल्या जागी ऐकू येतं. पण ही किंकाळी बहिऱ्यालाही ऐकू गेली असती.

धावलो. पोराचे डोळे वर, दात आवळलेले, हातपाय उडताहेत. आणि पोरापेक्षा घरच जास्त उडतंय! उत्तम, माझा मुलगा, पोराचा बाप, भरलं पोतं एका खांद्यावर नेणारा गडी — एका हातानं पोराच्या नाकाला चप्पल लावतो, दुसऱ्या हातानं फोडलेला कांदा, आणि स्वतःच शिंकतो. सून रुख्मिणी भिंतीवर डोकं आपटते. माझी थोरली बहीण तुळसाबाई पळी घेऊन दात उघडायला बसली, आणि वरून ओरडते, "विळा टाका चुलीत! बेंबीपाशी एक डाग द्या, निंगून जाईन बला!"

मी ओरडलो, "थांबा! निंबाची सात पानं आना! शेंड्याची!"

कारण उत्तम एवढाच होता तेव्हा त्यालाही अशीच आकडी आली होती. तेव्हाही चुलीत विळा तापला होता. पण निंबाच्या शेंड्याची सात पानं आली आणि पोर शुद्धीवर आलं. मीच चढलो होतो. बावीस वर्षं झाली. तेव्हा मी खारीसारखा होतो. आज पहिल्याच फांदीत पोट अडकलं. ना वर, ना खाली! तिथूनच सगळं पाहिलं — माझ्या बायकोनं, गिरजाबाईनं, तुळसाबाईच्या हातची पळी काढून घेतली, पोराला कुशीवर केलं आणि बसली. थोड्या वेळात पोर रडलं. जिवात जीव आला.

मग सगळ्यांना माझी आठवण झाली. शिडी लावून उतरवलं. गिरजाबाई पदरात तोंड खुपसून उभी होती. खांदे हलत होते. रडत होती बिचारी.

बुधवार, ता. १३

दमणी जुंपून चंपतला कारंजाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण आहे, मिशी अजून नीट बसली नाही. पण ऐकून घेतो. नाहीतर आमच्यासारख्या माळव्यावाल्याचं कोण ऐकतं? चंपतला उलटासुलटा तपासला, जीभ पाहिली, कान पाहिले. मग म्हणाला, "घाबरू नका. ताप झपकन चढला की काही लेकरांना अशी आकडी येते. दोन-तीन मिनिटांत आपोआप जाते. कुशीवर निजवा. तोंडात काही घालू नका — पळी नाही, पाणी नाही, बोट नाही. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, तर गाडी जुंपून सरळ इकडे या. ताप आला की परत येऊ शकते. पाच-सहा वर्षांचा झाला की बहुतेक सुटते."

उत्तमनं विचारलं, "पन तवरोक आमी काय कराचं?"

"काही नाही. जवळ बसून राहायचं."

उत्तमनं माझ्याकडे पाहिलं. परतताना दमणीत म्हणाला, "बाबा, ह्या डाक्टरले काई येत नाई वाटते."

पण मला समजलं. पोराचं औषध डॉक्टरनं बाटलीत भरून दिलं. आईबापाचं त्याच्याकडे नाही. बसून राहा म्हणे! आमच्या घरात विहीर आटली तर खणतात, अळी पडली तर वेचतात. बसून राहायचं आम्हाला कोणी शिकवलंच नाही.

निघताना तिथल्या कंपाउंडरला, बाबूलालला, विचारलं, "पाच मिनिटं म्हणजे किती गा?" त्यानं खिशातलं घड्याळ काढून समोर धरलं. दोघं काट्याकडे पाहत बसलो. बाप रे! नुसतं बसून पाहिलं तर पाच मिनिटं फार मोठी असतात.

शुक्रवार, ता. १५

पोर बरं आहे. ताप उतरला, वांग्यांची टोपली उलटी करून वर बसतो. घर मात्र आजारी.

रुख्मिणी पोराच्या कपाळाला हात लावते. मग स्वतःच्या. मग पोराच्या. मग शेजारणीला बोलावून तिचा हात लावून पाहते. आज बैलाच्या कपाळालाही लावला — ताडून पाहायला! उत्तम खिशात कांदा घेऊन फिरतो. बाजारात गिऱ्हाईक म्हणालं, "गुलाबराव, तुमच्या सांबाराले कांद्याचा वास येऊन राह्यला." कोथिंबीर नव्हे, मालक, माझा मुलगा.

आणि तुळसाबाईनं विळा चुलीवरच्या वळचणीत खोसून ठेवला आहे. हाताशी असावा म्हणून.

दुपारी पाट दुरुस्त करत होतो. गोठ्याच्या मागून सुनेचा आवाज आला, दबका. "आत्याबाईनं माह्या लेकराले डाग देला ना, तर मी मानोऱ्याले मायच्या घरी जातो त्याले घेऊन. परत येत नाई. सांगून ठेवतो." उत्तम म्हणाला, "अवो, पन तिनं हात उचलला त मी काय तिले ढकलू? मले तिनं खांद्यावर वाढवलं."

म्हणजे पुढच्या तापाला एकतर पोराच्या पोटावर जन्माचा डाग, नाहीतर पोरच घराबाहेर.

संध्याकाळी तुळसाबाईला म्हटलं, "बाई, तो विळा काढ तिथून."

"मले काहून सांगतं? तवा उत्तमच्या वक्ती तर तू —"

"बैल सुटला वाटते," मी म्हटलं आणि बाहेर आलो. बैल बांधलेलाच होता.

शनिवार, ता. १६

बाबूलाल वांगी न्यायला आला, घड्याळासकट. त्याला विहिरीवर उभा केला. मोट भरली, बैल धावेवरून उतरले, पाणी पाटात पडलं, बैल मागे सरकले — एक मोट. चार मोटा ओतल्या तेव्हा पाच मिनिटं झाली. तीनदा मोजलं. बाबूलाल म्हणाला, "काय शोध लावून राह्यले गुलाबराव?" म्हटलं, तुझं घड्याळ तुझ्या खिशात जाईल, माझं विहिरीवर राहील.

मग तुळसाबाई जपाला बसली तेव्हा कान लावला. तिची एक माळ, एकशे आठ मणी — बरोबर दोन मोटा! बाई बोलायला लागली की थांबत नाही, पण माळ अगदी घड्याळासारखी ओढते.

दोन माळा म्हणजे पाच मिनिटं. हे फार कामाचं आहे. कसं, ते अजून माहीत नाही.

सोमवार, ता. १८

समजलं! आज पाटाच्या कडेनं चालताना समजलं.

डॉक्टरचं माझ्या घरात कोणी ऐकणार नाही, कारण त्यानं काही करायला सांगितलं नाही. तेव्हा तेच सांगायचं, पण काम लावून. आणि सांगणारा मी नको. डोक्यावर दुसऱ्याच्या टोपल्या वाहून, पुडीच्या कागदांवर अक्षरं गिरवून मी इथवर आलो. माल तोच, पण कोणत्या टोपलीत मांडला यावर गिऱ्हाईक थांबतं, एवढं मला कळतं.

जेवताना सांगितलं — काल बाजारात माझ्या पालापाशी एक गोसावी बसला होता. नर्मदेकडचा. चंपतचं ऐकून त्यानं डोळे मिटले आणि उपाय दिला. पाटाचं पाणी सगळ्यात शेवटी ज्या वाफ्यात पोचतं, तिथून बापानं लोटाभर पाणी आणायचं. काठोकाठ. वाटेत बोलायचं नाही. थेंब सांडला तर परत जायचं. पाणी येईपर्यंत पोर कुशीवर. तोंडात काही नाही, अंगाला लोखंड नाही. लोखंड लागलं तर पाणी बाद! घरातल्या वडील बाईनं पोराच्या पाठीवर नुसता हात ठेवून माळ ओढायची. आईनं उशाशी बसून पोराचं नाव घ्यायचं, पण हळू. ओरडून घेतलं तर उपाय लागत नाही. आणि दोन माळा संपल्या तरी पोर भानावर आलं नाही, तर सगळं टाकून दमणी जुंपायची आणि दवाखाना.

"गोसाव्यानं दवाखाना सांगतला?" उत्तम म्हणाला.

"आजकालचा गोसावी हाय," मी म्हटलं.

तुळसाबाईनं कोर्टात घ्यावी तशी उलटतपासणी घेतली.

"दिसाले कसा व्हता?"

"उंच."

"जटा?"

"व्हत्या."

"तू काय देलं त्याले?"

"वांगी देत व्हतो. घेतली नाई."

"काहून?"

आता काय सांगू? तोंडात आलं ते सांगितलं — "त्याच्या पंथात वांगं चालत नाई. नुसता वास आला तरी उठून जाते."

तुळसाबाईनं हात जोडले. "वांगं सोडलं! मंग मोठा महात्मा हाय बाप्पा."

गिरजाबाईनं एवढंच विचारलं, "निंबाचं नाई सांगतलं काई त्यानं?"

"नाई," मी म्हटलं. ती पुढची भाकर थापायला लागली.

मंगळवार, ता. १९

आज तालीम घेतली. चंपतच्या जागी गोधडीवर कोहळं ठेवलं. रुख्मिणी कोहळ्याला हळू आवाजात "चंपत, माह्या राजा" म्हणते. तुळसाबाई कोहळ्याच्या पाठीवर हात ठेवून माळ ओढते. कोहळ्याची पाठ कोणती यावर आधी थोडं भांडण झालं. उत्तम लोटा घेऊन पळाला. जाताना हरणासारखा! येताना काठोकाठ लोटा — पाऊल पाऊल, जीभ बाहेर, डोळे पाण्यावर. शेजारच्या वावरातून कोणी हाक मारली, "काय गा उत्तम, काय चाल्लं?" उत्तम म्हणाला, "काई नाई," — आणि बोलला म्हणून परत गेला.

खरा चंपत उंबऱ्यावर बसून हे सगळं पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावरून आमच्याविषयी त्याचं मत फारसं बरं दिसलं नाही.

पाणी आलं तेव्हा तुळसाबाई पहिल्या माळेच्या शेवटाशी होती. बरोबर दोन मोटा!

गुरुवार, ता. २८

आली. सकाळी ताप, औषध दिलं, तरी न्याहारीनंतर आली.

मी मधे पडलो नाही. दाराला टेकून उभा राहिलो. रुख्मिणीनं तोंड उघडलं — किंकाळी येणार — आणि तिनं ती गिळली! "चंपत... चंपत..." एवढंच. तुळसाबाईची नजर एकदा वळचणीकडे गेली. मग तिनं माळ काढली, पोराच्या पाठीवर हात ठेवला. उत्तम लोटा घेऊन कधी गेला ते दिसलंही नाही.

साठ-सत्तर मणी झाले असतील. पोराचं अंग सैल पडलं. डोळे मिटले, उघडले. मग रडला. उत्तम दारात आला तेव्हा पोर आजीच्या मांडीवर होतं. तरी त्यानं लोटा खाली ठेवताना थेंब सांडला नाही. मग पाटावर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

तुळसाबाईनं माळ पुरी केली. अर्धी सोडत नाही म्हणाली.

मंगळवार, ता. २ फेब्रुवारी

पंचाईत! बोभाटा झाला. आज मानोऱ्याकडच्या तांड्यावरून गोविंदसिंग आणि त्याची बायको रुपाबाई आले, घागर घेऊन. त्यांच्या लेकीला तापात आकडी येते. तुमच्या शेवटच्या वाफ्याचं पाणी पाहिजे म्हणाले. त्याआधी तिघं येऊन गेले. वाफ्यातली मेथी पार तुडवली.

गोविंदसिंगला बसवलं. म्हटलं, पाणी नेलेलं चालत नाही. ज्यानं त्यानं आपापल्या विहिरीचं, आकडी आल्यावर, बापानंच आणायचं. बाकी सगळं पाठ करून घेतलं — कुशीवर, तोंडात काही नाही, लोखंड नाही, दोन माळा, मग गाडी. रुपाबाई म्हणाली, "माळ नाही आमच्याकडं." म्हटलं, तुमच्या गळ्यातले मणी मोजा. तिच्या गळ्यात इतके मणी होते की मोजून होईपर्यंत पोर मोठं होईल. मग किती मणी मोजायचे ते मीच ठरवून सांगितलं.

गोविंदसिंग जाताना पाया पडला. मी पाय मागे घेतले. खोट्याच्या पाया कसं पडू द्यायचं?

गुरुवार, ता. ११

गोसावी आला!

म्हणजे कोणीतरी एक. उंच, जटा. मी बांधावर होतो. घरात पोचलो तोवर तुळसाबाईनं त्याला पाटावर बसवून, पाय धुवून, ताट वाढलं होतं. "तुमीच ना महाराज, ज्यायनं आमच्या लेकराले पानी सांगतलं?"

त्यानं ताटाकडे पाहिलं, तुळसाबाईकडे पाहिलं. हुशार माणूस. "हाँ माई, हमही हैं."

आता नाही म्हणावं तर माझीच पोल उघडी पडते!

महाराज जेवता जेवता रंगात आले. "लेकिन माई, खाली पानीसे नहीं जायेगा. गरम लोहेका एक निशान भी लगेगा. हम खुद लगा देंगे. सवा सेर घी निकालके रखो."

रुख्मिणीनं चंपतला उचललं आणि दाराकडे सरकली. तुळसाबाई उठली, वळचणीकडे गेली. विळा काढला. हातात विळा घेऊन ती वळली — मी पुढे झालो, आता जे होईल ते होवो, खरं सांगून टाकतो —

आणि ती थांबली. ताटाकडे पाहत राहिली.

"महाराज," ती म्हणाली, "काय खाऊन राह्यले तुमी?"

"भरीत, माई. बहुत बढिया."

"वांग्याचं?"

"और क्या?"

"वांगं खाऊन राह्यला!" तुळसाबाईचा आवाज कारंजापर्यंत गेला असेल. "गुलाब! हा तो नोहे! ढोंगी हाय मेला! ऊठ! माह्या लेकराले लोखंड लावतं? महात्म्यानं मना केलं अन् तू लावतं?"

विळा हातात होताच. महाराजांनी भरीत अर्ध्यावर टाकून जी धूम ठोकली, ती पाटातून, कोबीतून, थेट शेवटच्या वाफ्यातून! मेथी दुसऱ्यांदा गेली.

वांगं मी त्या दिवशी का म्हटलं, देवाला माहीत. समोर टोपली होती म्हणून म्हटलं.

शनिवार, ता. २०

तुळसाबाई आज विळा घेऊन कडवाळ कापायला गेली. आल्यावर तो गोठ्यात टांगला. वळचण रिकामी. रुख्मिणीनं चुलीपाशी बसून चार वेळा वर पाहिलं, मग हसली. मानोऱ्याची गोष्ट परत निघाली नाही. उत्तमच्या खिशातला कांदाही गेला. त्याला कोंब फुटला होता.

पुन्हा कोणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहितो — मी फार हुशार माणूस आहे.

बुधवार, ता. ३ मार्च

उत्तम माल घेऊन बाजारात गेलेला. चंपतला रात्रीचा ताप होताच. दुपारी आली.

या वेळी जोरात आली. ओठ निळसर झाले. मी पोराजवळ उभा, आणि काय करायचं ते सगळं मला पाठ — मीच तर रचलं! — पण हात कुठे ठेवू कळेना. पोराला उचलायला वाकलो, हलवायला लागलो, हाका मारायला लागलो. ओरडून!

तेवढ्यात गिरजाबाई म्हणाली, "अवो, जा! शेवटच्या वाफ्याचं पानी आना! काठोकाठ!"

आणि मी — ज्यानं तो गोसावी जन्माला घातला तो मी — लोटा उचलून पळालो! अर्ध्या वाटेत आठवलं की हे सगळं माझंच आहे, त्या पाण्यात काही नाही. पण पाय थांबेनात. लोटा भरला. येताना थेंब सांडला. कोणी पाहत नव्हतं. तरी परत गेलो!

आलो तेव्हा तुळसाबाईची पहिली माळ संपत आली होती, आणि चंपत कुशीवर पडून माझ्या लोट्याकडे पाहत होता. त्याला ते पाणी प्यायचं होतं.

आता रुख्मिणी त्याला थोपटते आहे. मी बाजेवर बसलो आहे. एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. "अवो, जा! आना!" — हा आवाज, असाच, याच धारेचा, मी पूर्वी एकदा ऐकला आहे. कान खात्रीनं सांगतात. कुठे, ते आठवत नाही.

गुरुवार, ता. ४ मार्च

आठवलं. गिरजाबाई मेथी निवडत होती. जवळ जाऊन बसलो.

"तुले ठाऊक व्हतं ना? पान्यात काई नाई ते?"

"हो."

"अन् निंबाच्या पानात?"

तिनं वर पाहिलं नाही. "त्यातबी नाई."

इतकी पानं लिहिली, एक गोष्ट लिहिली नाही. उत्तमच्या वेळी तुळसाबाई नुसती बोलली होती. विळा मी तापवला. लाल करून पोराच्या उशाशी मीच आणला.

"मंग सात पानं काहून सांगतली? तेबी शेंड्याची?"

"विळा धरून निंबावर चढता येते काय?" ती म्हणाली. "पानं कोनाले पायजे व्हते? मले तुमचे हात रिकामे पायजे व्हते."